बुरडाच्या परसातली अंडी

कोण्या एका काळी, ज्याचं साल आज कुणालाच सांगता येणार नाही, एका मोठ्या तळ्याच्या काठी बुरडांचं गाव होतं. घरोघर बांबू चिरले जात आणि सुपं, टोपल्या, कणग्या विणल्या जात. त्या गावात येसू नावाची बाई लग्न होऊन आली.

येसूचा नवरा बिजवर होता. त्याची पहिली बायको तापात गेली होती आणि मागे सहा वर्षांची एक मुलगी उरली होती. तिचं नाव बकुळा. येसूने घरात पाऊल टाकलं त्याच दिवशी बकुळाला जवळ घेतलं. तिची वेणी घालायची, तिला ताटातला मऊ भात आधी वाढायचा, ताप आला की उशाशी बसून राहायचं, यात येसूने कधी कसूर केली नाही.

बकुळा वाईट नव्हती. उलटून बोलत नव्हती, रुसत नव्हती. फक्त ती येसूला कशानेच हाक मारत नसे. "भूक लागली," म्हणायची. "पाणी संपलंय," म्हणायची. जिथे हाक यायला हवी तिथे ती जरा थांबायची आणि मग पुढचं बोलायची. ती थांबलेली जागा येसूला रोज ऐकू यायची. शेजारच्या अंगणात एखादं पोर "आई गं" म्हणून ओरडलं, की येसूच्या हातातली बांबूची कांब तशीच राहायची.

असं वर्ष गेलं, दुसरं लागलं. संक्रांतीला येसूने हौसेने बकुळासाठी हिरवा परकर शिवला. बकुळाचे डोळे तो पाहून चमकले. येसूने परकर पाठीमागे धरला आणि हसत म्हणाली, "आधी मला आई म्हण, मग देते."

बकुळाने पुढे केलेले हात मागे घेतले. ती परसात निघून गेली. संक्रांतीला ती जुन्याच परकरात सगळ्यांच्या घरी तिळगूळ द्यायला गेली. येसूने नवा परकर तिच्या अंथरुणावर ठेवला, तरी तिने तो घातला नाही. त्या दिवसापासून तिचं बोलणं आणखी कमी झालं. आपलं चुकलं हे येसूला कळत होतं, पण ते लहान मुलीला कसं सांगावं हे कळत नव्हतं.

उन्हं तापू लागली होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी बकुळा परसातून धावत आली. "अळूच्या वाफ्यामागे अंडी आहेत. सात आहेत."

येसू तिच्या मागोमाग गेली. वाळक्या गवतात आणि मऊ पिसांत हिरवट पांढरी सात अंडी होती. कोंबडीच्या अंड्यांहून मोठी. तळ्यावरच्या बदकाने घातलेली असणार. कुंपणापाशी मात्र पिसं विखुरली होती आणि मातीवर रक्ताचे थेंब वाळले होते. मुंगसाने डाव साधला होता.

बकुळानेही ते पाहिलं. "त्यांची आई येईल ना?" तिने विचारलं.

येसूला खोटं सांगता आलं असतं. पण या मुलीला आजवर पुष्कळांनी 'येईल हं' असं सांगून झालं होतं. ती म्हणाली, "नाही येणार."

"मग आता त्यांचं कसं?"

"बघू आपण काहीतरी."

शेजारी ठकूआत्या राहायची. तिच्याकडे कोंबड्या होत्या आणि त्यातली एक नेमकी अंडी उबवायला खुडूक बसली होती. येसूने टोपलीत पेंढा घातला, अंडी मांडली आणि आत्याची कोंबडी त्यांवर रवणीला बसवली. आत्या म्हणाली, "माझा जन्म कोंबड्या बसवण्यात गेला. एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येणार. मोजून ठेव."

बकुळाने मोजायला घेतलं. रोज सकाळी ती भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढायची. टोपलीपाशी बसून ती कोंबडीशी हळू आवाजात काय काय बोलायची. येसू दूरवरून ऐकायची. घरातला तो आवाज कानावर पडला तरी तिला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं, आणि तो आपल्याशी नाही म्हणून भूकही तेवढीच राहायची.

एकविसावी रेघ ओढली गेली. टोपलीत काही हललं नाही. बाविसावी ओढली. दुपारी ठकूआत्या आली आणि तिने कोंबडी उचलून काखेत घेतली. "नासली असतील गं. उकिरड्यावर टाक. उगाच माझी कोंबडी वाळवू नकोस."

बकुळा टोपलीच्या काठाला धरून बसून राहिली. तिचा तो चेहरा येसूला बघवेना. पिल्लू आत अडलं असेल, तेवढं कवच आपण काढून द्यावं, मुलगी हसेल, असं तिच्या मनाने घेतलं. तिने एक अंडं उचललं आणि नखाने हळूच फोडलं.

आत पिल्लू होतं. ओलं, मिटल्या डोळ्यांचं, जिवंत. पण त्याच्या पोटाशी पिवळा बलक अजून तसाच चिकटलेला होता. येसूच्या तळहातावर ते दोनचारदा धपापलं आणि थांबलं.

मग बकुळा म्हणाली, "त्याला यायचं नव्हतं अजून."

येसूने मान खाली घातली. "चुकले मी," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या संक्रांतीच्या दिवशीही चुकले. तुला तसं म्हणायला नको होतं मी."

बकुळाने तिच्याकडे पाहिलं. दोघींनी मिळून केळीच्या बुंध्याशी छोटा खड्डा केला आणि पिल्लाला मातीआड केलं.

"राहिलेली सहा जिवंत असतील," येसू म्हणाली. "बदकाला कोंबडीहून जास्त दिवस लागत असावेत, पण किती उरलेत ते मला ठाऊक नाही. कितीही असू देत, ऊब आपण देऊ."

तिने टोपलीत कापूस भरला आणि ती चुलीच्या कडेला, उबदार राखेजवळ ठेवली. अंडं डोळ्याच्या पापणीला लावून ऊब बघायची आणि कमी वाटली तर अंडी फडक्यात बांधून पोटाशी घ्यायची, असं चाललं. पोटाशी अंडी असली की येसूला वाकता येत नसे, बांबू चिरता येत नसे. पाणवठ्यावर बायका हसल्या, "बुरडाची बायको रवणीला बसलीय." नवरा आधी कुरकुरला, मग मुकाट्याने स्वतः पाणी आणू लागला.

बकुळाही टोपलीपाशी बसायची. एकदा ती म्हणाली, "बदक तळ्यातून ओलंच येऊन बसत असेल." येसूला ते पटलं. तेव्हापासून दोघी अंड्यांवर कोमट पाणी शिंपडू लागल्या.

अशाच एका दुपारी येसूने विचारलं, "बकुळा, तुझी आई कशी होती गं?"

या घरात हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. बकुळा हळूहळू बोलू लागली. आईच्या हाताला ओल्या बांबूचा वास यायचा. ती टोपली विणताना एकच गाणं पुन्हा पुन्हा म्हणायची आणि मधली ओळ दर वेळी विसरायची. बोलता बोलता बकुळा रडली. येसूने तिला गप्प केलं नाही. पोटाशी अंडी होती, म्हणून तिने एका हाताने मुलीची पाठ तेवढी कुरवाळली. जिला कधी पाहिलं नाही त्या बाईची आठवण त्या दुपारी येसूलाही आली.

सत्ताविसाव्या दिवशी बकुळाने एक अंडं कानाशी धरलं आणि तिचे डोळे मोठे झाले. आत कुणीतरी टकटक करत होतं. संध्याकाळपर्यंत कवचाला बारीक भेग पडली. येसूची बोटं शिवशिवू लागली. तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि नुसती बघत राहिली. पिल्लू थकायचं, थांबायचं, पुन्हा चोच मारायचं. अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी पहिलं बाहेर आलं आणि दिवस मावळायच्या आत पाच आली. एक अंडं गारच राहिलं.

पिल्लांनी येसूला पाहिलं आणि सगळी तिच्यामागे चालू लागली. ती चुलीपाशी गेली की चुलीपाशी, परसात गेली की परसात. पाच जीव तिला एका दिवसात आई समजून बसले. येसू हसायची. पण तिने बकुळाला काही विचारलं नाही. आता ती विचारणार नव्हती.

काही दिवसांनी दोघी पिल्लांना तळ्यावर घेऊन गेल्या. पिल्लं पाण्यात उतरली आणि कुणी न शिकवता पोहू लागली. येसू काठावर घाबरून उभी होती. बकुळा गुडघाभर पाण्यात जाऊन वळली आणि म्हणाली, "माय, इकडून ये. इथे उथळ आहे."

हाक इतकी सहज आली होती, की येसू जागच्या जागी उभी राहिली.

बकुळाच्या ते ध्यानात आलं. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "आई तीच आहे. तिची हाक दुसऱ्या कुणाला दिली, तर तिला वाटेल मी विसरले. म्हणून तुला माय म्हणते. चालेल ना?"

"चालेल गं," येसू म्हणाली आणि पाण्यात उतरली.

पुढे बकुळा मोठी झाली, सासरी गेली, माहेरपणाला येऊ लागली. 'आई' हा शब्द येसूला जन्मभर मिळाला नाही. कुणाच्या अंगणातून तो ऐकू आला की तिचा हात अजूनही क्षणभर थांबायचा. पण वेशीपासूनच "माय" अशी हाक यायची, तेव्हा हातातलं काम टाकून दाराशी धावणारी तीच असायची.

बाळगोपाळांनो, आणि थोरांनो तुम्हीही ध्यानात ठेवा: ऊब देणं आपल्या हाती असतं, कवच केव्हा फोडायचं ते मात्र आतल्या जिवालाच ठरवू द्यावं.