करवंदीच्या जाळीपर्यंतची पावलं

सागाच्या एका जंगलात, ओढ्याकाठच्या मोठ्या खडकाखाली, रानकुत्र्यांचा एक कळप बीळ करून राहत होता. मुलांनो, रानकुत्रं म्हणजे आपल्या आळीतलं, भाकरीच्या तुकड्यासाठी दारात बसणारं कुत्रं नव्हे. अंगानं तांबूस, शेपटीचा झुपका काळा, आणि एकमेकांना हाका मारायच्या त्या शीळ घालून. एकटं दिसलं तर कुणी फारसं भिणार नाही. पण दहा-बारा मिळून निघाले की भलं दांडगं सांबरसुद्धा जीव मुठीत घेऊन पळतं. या कळपात मोठी कुत्री अकरा होती आणि बिळात सहा पिल्लं होती, नुकतीच डोळे उघडून एकमेकांच्या शेपट्या चावायला लागलेली. त्या वर्षी कळपापाशी त्या सहा पिल्लांहून मोलाचं काहीच नव्हतं.

कळपाची जुनी म्होरकी मोठी शहाणी होती. तिनं एक रीत घालून दिली होती. शिकार झाली, की दोघांनी पोटभर मांस गिळायचं आणि इतरांच्या आधी बिळाकडे पळत सुटायचं. तिथं पिल्लांपुढे, आणि पिल्लांची राखण करणाऱ्यांपुढे, ते सगळं ओकून टाकायचं. तुम्ही नाकं मुरडाल, पण रानकुत्र्यांच्या घरी पान असंच वाढतात! राखणीला दोघं असत. एक लंगडी आत्या, जिचा मागचा पाय कधीकाळी रानडुकरानं मोडला होता. आणि दुसरा कानतुट्या, धडधाकट पण जरा सुस्त.

पळस फुलायच्या दिवसांत जुन्या म्होरकीला सांबराचं शिंग लागलं आणि ती गेली. तिच्या जागी तिचा मुलगा म्होरक्या झाला. आळशी, लबाड, खादाड म्होरक्यांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. हा तसा नव्हता. कळपात सगळ्यांत वेगानं धावायचा तो, सगळ्यांत आधी झेप घ्यायचा तो, आणि स्वतःच्या वाट्याला एक घास जास्त आला तरी बाजूला ढकलायचा तो. मनानं सरळ होता, कष्टाळू होता. म्हणूनच त्याची गोष्ट सांगताना मला वाईट वाटतं.

एके दिवशी शिकार फार जड गेली. सगळे दमलेभागलेले परतले. धाकट्या भावाच्या खांद्यातून रक्त गळत होतं, तरी रीतीप्रमाणे तोच पुढे पळाला होता आणि बिळापाशी मांस ओकत होता. म्होरक्यानं पाहिलं, तर आत्या जांभळाच्या सावलीत अंग टाकून पडलेली, आणि कानतुट्या पायानं मान खाजवत बसलेला. दोघांच्या अंगावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. म्होरक्याचं डोकंच फिरलं. रक्त सांडायचं एकानं आणि सावलीत बसून खायचं दुसऱ्यानं, हा कुठला न्याय?

त्यानं सगळ्यांना खडकापाशी बोलावलं. "आजपासून नवा नियम," तो म्हणाला. "ज्याच्या दातांना रक्त लागेल त्यालाच वाटा. पिल्लांना मात्र भरपूर. बाकी कुणीही असो, आपला-परका बघणार नाही."

धावणाऱ्यांनी आनंदानं शिळा घातल्या. त्यांना तो नियम मनापासून पटला होता, आणि खरं सांगायचं तर ऐकताना तुम्हालाही पटला असता.

दुसऱ्या दिवशी पहाटे कानतुट्या शेपटी ताठ करून शिकारीच्या रांगेत येऊन उभा राहिला. म्होरक्याला केवढा आनंद झाला! सुस्त म्हणून ज्याला सगळे हिणवायचे, तो चार दिवसांत चांगला धावू लागला. पिल्लांची आईसुद्धा निघाली. ती कळपातली दुसऱ्या क्रमांकाची धावणारी. पूर्वी दोन दिवसांआड शिकार व्हायची, ती आता रोज होऊ लागली. पिल्लं गरगरीत झाली. सगळे म्हणू लागले, "म्होरक्या असावा तर असा!" ते ऐकून म्होरक्याची छाती फुगायची, आणि त्यात त्याची काही चूक होती असं मी म्हणणार नाही.

बिळापाशी आता एकटी आत्या उरली. तीन पायांवर तिला धावता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी ती गेली नसती.

पाचव्या दिवशी ती लंगडत म्होरक्याजवळ आली. "पोरा, माझ्यासाठी मागत नाही," ती म्हणाली. "पण पोटात काही नसलं की उठवत नाही बघ. आणि मला उठावं लागतं. उन्हं उतरली की एक तरस येतं. ती करवंदीची जाळी आहे ना, तिथपर्यंत येतं. मी उठून उभी राहिले, गुरगुरले, की परत जातं."

"तरस?" म्होरक्या म्हणाला. "मी तर एकदाही पाहिलं नाही."

"तू इथे असतोस तेव्हा ते कशाला येईल? तुम्ही गेलात, की येतं. कानतुट्या तर तेव्हा घोरत पडलेला असायचा."

"बरं, आजवर त्यानं काय केलं?"

"काही नाही केलं."

"मग झालं तर!" म्होरक्या हसला. त्याचं हसणं कुत्सित नव्हतं, पण त्याला ही वाटा मिळवायची युक्ती वाटली होती. "आत्या, धाकट्याचा खांदा मला दिसतो. कानतुट्याच्या पायातला काटा मला दिसतो. तू केलेलं काय दाखवशील मला?"

आत्यानं जाळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पोरा, माझं कामच असं आहे, की ते नीट झालं तर काहीच घडत नाही. जे घडलंच नाही, ते तुला मी कसं दाखवू?"

"मग वाटा तरी कशाचा देऊ?" म्होरक्यानं विचारलं, आणि अंग झटकून तो पाण्यावर गेला.

करवंदीची जाळी बिळापासून वीस पावलांवर होती. फक्त वीस! सांबरामागे कोसकोस धावणारा हा गडी तेवढी वीस पावलं चालून गेला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी तुम्हाला काहीतरी गमतीचं सांगितलं असतं. पण पाण्याची वाट दुसरीकडून होती, शिकारीची वाट तिसरीकडून. त्याला जाळीकडे जायचं कारणच पडलं नाही.

आत्या किडे खाऊ लागली, वाळलेली हाडं चघळू लागली. पिल्लांपुढे मांस पडायचं तेव्हा ती मान फिरवून बसायची. एकदा पिल्लांच्या आईला राहवलं नाही. तिनं म्होरक्याची पाठ वळलेली पाहून आत्यापुढे दोन घास टाकले. नेमकं म्होरक्यानं मागे वळून पाहिलं.

"हे काय?" तो म्हणाला. "एकीसाठी नियम मोडला, तर उद्या धाकट्याला मी काय तोंड दाखवू?"

"अहो, म्हातारी आहे ती. माझी पोरं तिच्या जिवावर टाकून मी येते ना तुमच्याबरोबर!"

"पोरं बिळात आहेत आणि बीळ खडकाखाली आहे. खडक कुठे पळून जात नाही."

आत्यानं ते दोन घास पायानं पिल्लांकडे सरकवले. तिला भूक नव्हती असं नाही. पण ज्या घासावरून घरात भांडण झालं, तो तिच्या घशाखाली उतरला नसता.

असे पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी कळपानं आजवरची सगळ्यांत मोठी शिकार केली. चांगलं पूर्ण वाढलेलं सांबर! झेप कानतुट्यानं घेतली होती, त्यामुळे तर सगळ्यांना उधाण आलं. खाऊन पोटं तट्ट झाली. म्होरक्या म्हणाला, "आज पिल्लांसाठी मी स्वतः घेऊन जातो," आणि सगळे त्याच्या मागोमाग, वाटेत एकमेकांना ढुशा देत, शिळा घालत निघाले. उन्हं उतरली होती.

बीळ जवळ आलं की म्होरक्या एक लांब शीळ घालायचा आणि पिल्लं कुईकुई करत बाहेर यायची. त्यानं शीळ घातली. कुणी आलं नाही. त्यानं पुन्हा घातली. मग वारा फिरला, आणि सगळे जागच्या जागी थांबले, कारण वाऱ्यावर रक्ताचा वास होता आणि तो सांबराचा नव्हता.

बिळाच्या तोंडापुढची माती उकरलेली होती. पिल्लं नव्हती. एका पिल्लाची शेपटी तेवढी पडली होती. आत्या बिळाच्या तोंडात आडवी पडली होती, पोटाला मोठी जखम, पण श्वास चालू. म्होरक्यानं तिला हलवलं, तेव्हा तिच्या अंगाखालून, खडकाच्या फटीतून, एक बारीक आवाज आला. सहांपैकी एक उरलं होतं.

पिल्लांच्या आईनं ते तोंडात धरलं आणि ती दूर जाऊन बसली. म्होरक्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"आत्या," म्होरक्या म्हणाला, "कोण आलं होतं?"

आत्यानं डोळे उघडले. "तेच. रोजचंच," ती म्हणाली. "जाळीपाशी उभं राहिलं. मी उठायची वाट बघत होतं रे ते. पुष्कळ वेळ बघत होतं. मला उठवलंच नाही."

म्होरक्या करवंदीच्या जाळीकडे गेला. पहिल्यांदाच गेला. जाळीभोवतीची माती मऊ होती आणि त्या मातीत तरसाची पावलं उमटली होती. एकावर एक, जुन्यांवर नवी, काही वाऱ्यानं अर्धी पुसलेली, काहींवर पळसाच्या पाकळ्या पडून सुकलेल्या. रानातून येणारा पावलांचा माग जाळीपर्यंत यायचा आणि तिथून मागे वळायचा. पुन्हा यायचा, पुन्हा वळायचा. म्होरक्या मोजायला गेला आणि त्यानं मोजणं सोडून दिलं. त्यातले कितीतरी माग त्याच्या आईच्या वेळचे असावेत. शेवटचा, ताजा माग मात्र वळला नव्हता. तो जाळी ओलांडून सरळ बिळाकडे गेला होता.

आत्या ज्याला न घडलेलं म्हणत होती, ते सगळं तिथं मातीत लिहून ठेवल्यासारखं पडलं होतं. वीस पावलांवर.

तो धावत परत आला. पिल्लांसाठी आणलेलं सगळं मांस त्यानं आत्यापुढे ओकलं. "खा, आत्या," तो म्हणाला. "खा ना गं. तुझा वाटा आहे."

आत्याचं तोंड अर्धवट उघडं होतं. तिच्या दातांवर रक्त होतं आणि दातांत तरसाच्या अंगावरचे करडे राठ केस अडकले होते. म्होरक्याच्या नियमानं बघायचं तर आज तिचा वाटा लागत होता. पण ती खायला उरली नव्हती. म्होरक्याचा "खा, खा" चालूच होता, तेव्हा धाकट्यानं त्याला हळूच बाजूला केलं.

त्या हंगामात कळपातली दोघं दुसऱ्या रानात निघून गेली. शिकार पुन्हा दोन-तीन दिवसांआड होऊ लागली. कुणी मोठ्यानं शिळा घालेना. म्होरक्यानं नियम मोडीत काढला, जुनी रीत पुन्हा सुरू केली, आणि शिकारीची पुढची जागा पिल्लांच्या आईला देऊन आत्याच्या जागी, बिळाच्या तोंडाशी, तो स्वतः बसू लागला. सगळ्यांत वेगवान कुत्रा राखणीला! कानतुट्याला ते विचित्र वाटलं, पण विचारायची त्याची छाती झाली नाही.

एके दिवशी उन्हं उतरताना करवंदीची जाळी हलली. तरस आलं होतं. खांद्यावर आत्यानं केलेली जखम अजून ओली होती. त्यानं बिळाकडे पाहिलं. म्होरक्या उठून उभा राहिला आणि गुरगुरला, बस्स. तरस वळलं आणि गेलं. म्होरक्याच्या अंगात शीर न् शीर ताणली होती, त्याच्या मागे एकुलतं एक पिल्लू स्वतःचीच शेपटी पकडायला गोल फिरत होतं, आणि पुढच्या मातीत पावलांचा आणखी एक माग वाढला होता.

थोड्या वेळानं कळप परतला. सगळ्यांच्या आधी पिल्लांची आई पोचली. तिनं पिल्लापुढे मांस टाकलं, आणि मग म्होरक्यापुढे टाकलं.

"आज काय झालं इकडे?" कानतुट्यानं सहज विचारलं.

"काही नाही," म्होरक्या म्हणाला.

तात्पर्य : पुढे धावणाऱ्याचे कष्ट म्होरक्याला बसल्या जागी दिसतात, पण मागे राहून ज्यानं संकट येऊच दिलं नाही, त्याचं काम म्होरक्याला स्वतः चालत जाऊन बघावं लागतं. जो वेळेवर जात नाही, त्याला ते काम थांबल्यावरच कळतं.