दोष तळ्याचा की ताटाचा

फार फार वर्षांपूर्वी, कुणाच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या मागे, डोंगरदऱ्यांत वसलेलं एक राज्य होतं. त्या राज्याचा गड उंच होता आणि गडावरचे शिपाई ताठ मानेचे होते. शत्रूनं तीनदा वेढा घातला आणि तीनदा तो हात हलवत परत गेला.

तिसऱ्या विजयानंतर राजा भर दरबारात म्हणाला, "ज्यांनी नाचणीची भाकरी खाऊन गड राखला, त्यांनी आता राजासारखं जेवावं!" तेव्हापासून गडावर मानाचा शिधा सुरू झाला. कोंडा पार काढून पांढराशुभ्र केलेला तांदूळ, त्यावर तूप, दोन्ही वेळा साखरेचे लाडू, आणि सणाला तर विचारूच नका. शिपायांच्या बायका शेजारणींना अभिमानानं सांगायच्या, "आमच्या घरात आता भाकरी थापत नाहीत."

बारा वर्षं गेली. आणि पूर्वी क्वचित कुणाला होणारा एक आजार गडावर पसरला.

चाळिशीतले धडधाकट गडी हंडाभर पाणी पिऊनही तहानलेले राहू लागले. पायाला काटा टोचला तर जखम महिनोन्‌महिने भरेना. जिथे ते लघवी करत तिथे मुंग्यांची रांग लागे. लोक त्याला मुंग्यांचा आजार म्हणू लागले.

दरबारच्या वैद्यराजांनी खूप विचार केला आणि राजाला सांगितलं, "महाराज, दोष गडाच्या तळ्यात आहे. भोई तिथे जाळी टाकतात आणि पाणी नासवतात."

राजानं हुकूम काढला. तळ्याकाठच्या भोयांच्या चाळीस घरांनी पावसाळ्याआधी राज्य सोडून जावं.

गडाच्या पायथ्याशी मंजुळाक्का नावाची एक वैदीण राहायची. वय पन्नाशीचं, अंगानं काटक, बोलायला रोखठोक. तिच्या औषधाला गुण होता आणि आपल्या औषधाचा तिला अभिमानही होता. भोयांचा म्होरक्या नागोजी तिच्या अंगणात येऊन बसला.

"आक्का, एक सांग," तो म्हणाला. "शिपाई ते पाणी पितात, आम्हीही तेच पितो. मग आमच्या एकाही घरात हा आजार कसा नाही?"

मंजुळाक्काचा औषध कुटणारा हात थांबला. असा साधा प्रश्न वैद्यराजांना सुचला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिलाही सुचला नव्हता. तिचं आपलं एक मत वीस वर्षांपासून पक्कं होतं. हा आजार तुपानं होतो. जो रोगी येईल त्याला ती पहिल्यांदा सांगायची, तूप बंद.

दुसऱ्याच दिवशी ती गड चढून दरबारात गेली. "महाराज, मला एक वर्ष द्या," ती म्हणाली. "दोष तळ्याचा आहे की ताटाचा, ते मी शोधून सांगते. तोवर भोयांना हलवू नका."

"आणि शोधता आलं नाही तर?" वैद्यराजांनी विचारलं.

"तर त्यांच्या आधी मी राज्य सोडीन."

राजानं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि वर्ष दिलं.

मंजुळाक्का गावोगाव हिंडू लागली. प्रत्येक गावासाठी तिच्याकडे एक दोरी होती. मुंग्यांचा आजार असलेला माणूस सापडला की त्या गावाच्या दोरीला एक गाठ. प्रत्येक घरात ती तेच विचारायची. रोज काय खाता? किती चालता? गोडधोड केव्हा करता? चार महिन्यांत तिनं अठरा गावं पालथी घातली. जिथे पांढरा भात आणि लाडू पोचले होते, तिथल्या दोऱ्या गाठींनी भरल्या. जिथे भाकरी, कुळीथ आणि रानभाजी होती, तिथे हातभर दोरीत एखादी गाठ.

त्यांतलं शेवटचं गाव म्हणजे डोंगरमाथ्यावरची गवळ्यांची वाडी. तिथे घरोघरी तुपाची मडकी होती. गवळी भाकरीवर तूप असं ओतायचे की मंजुळाक्काला पाहवेना. इथली दोरी गाठींनी आखूड होणार, अशी तिची खात्री होती. पण सबंध वाडी फिरली आणि गाठ पडली फक्त एक.

"काही लपवत तर नाही ना?" तिनं एका म्हाताऱ्या गवळणीला विचारलं.

म्हातारी हसली. "लपवून काय करू, बाई? आमच्याकडे भात सणाला आणि साखर देवाला. बाकी दिवसभर म्हशींमागे डोंगर. चल माझ्या सुनेबरोबर, बघ झेपतंय का."

मंजुळाक्का गेली. दुपारपर्यंत तिचे पाय भरून आले. ती एका खडकावर बसली आणि ती जवळजवळ कोरी दोरी हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

तिचा नवरा बयाजी गडावरचा शिपाई होता. त्याला हाच आजार झाला होता. शेवटची तीन वर्षं तिनं त्याच्या ताटातलं तूप काढून घेतलं होतं. आजाऱ्याला हलकं अन्न हवं म्हणून रोज मऊ पांढरा भात आणि ताकदीसाठी साखरेचा शिरा स्वतःच्या हातानं भरवला होता. तो गेला, तेव्हा आपण काही कमी केलं नाही, या समाधानावर तिनं दिवस काढले होते.

ही एक दोरी पिशवीत ठेवली नाही, तर कुणाला कळणार होतं? सतरा गावांच्या दोऱ्या पुरेशा होत्या. भोई वाचले असते आणि तिचं मतही.

मंजुळाक्कानं डोळे पुसले. दोरीची नीट गुंडाळी केली आणि पिशवीत सगळ्यांत वर ठेवली.

पण नुसत्या दोऱ्यांवर कोण विश्वास ठेवणार? तिनं राजाकडे गडाच्या दोन चौक्या मागितल्या, पूर्वेची आणि पश्चिमेची. आजार लागलेले एकशेवीस शिपाई निवडले आणि कोण कुठे जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. दोन्हीकडे पाणी त्याच तळ्याचं, पहारा तेवढाच आणि तूपही सारखं. फरक एवढाच, की पश्चिमेला मानाचा शिधा चालू राहिला आणि पूर्वेला भाकरी, कुळथाचं पिठलं, पालेभाजी, कोंड्यासकट थोडा भात आला. लाडू बंद.

पूर्वेचा जमादार खंडोजी ताट बघून खवळला. "आक्का, लढून मिळवलेला मान तू काढून घेतलास!"

"जमादार, तुम्ही मान मिळवलात तो भाकरी खाऊन," मंजुळाक्का म्हणाली. "सहा महिने अजून एक लढाई लढा. या वेळी मानासाठी नको, तळ्याकाठच्या चाळीस घरांसाठी लढा."

खंडोजी ताटावर बसला. त्यानं भाकरी मोडली. ते बघून बाकीच्यांनीही मोडली.

सहा महिने झाल्यावर मंजुळाक्का वैद्यराजांकडे गेली. "शिपाई तुम्हीच तपासा," ती म्हणाली. "पण कोण कुठल्या चौकीचा, हे मी तुम्हाला सांगणार नाही आणि तेही सांगणार नाहीत."

वैद्यराज हट्टी होते, पण खोटे नव्हते. त्यांनी आठ दिवस एकेक शिपाई तपासला. तहान विचारली, जखमा पाहिल्या, पायऱ्या चढायला लावून श्वास मोजला, मुंग्यांची परीक्षा केली. ज्याला उतार पडला त्याचं नाव एका पाटीवर, ज्याला नाही त्याचं दुसऱ्या पाटीवर.

मग दरबार भरला. शिपायांनी आपापली चौकी सांगितली. पूर्वेच्या साठांपैकी एक्केचाळीस जणांना उतार होता. पश्चिमेच्या साठांपैकी फक्त सात जणांना.

वैद्यराजांनी आपलीच पाटी दोनदा वाचली. मग पगडी सावरली आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "महाराज, दोष तळ्याचा नाही. मी चुकलो."

दरबारात एकच गलका उठला. नागोजी दाराशी उभा होता, त्यानं मुंडासं काढून डोळे पुसले. "आक्कांनी आजार जिंकला!" शिपाई ओरडले.

"थांबा," मंजुळाक्का म्हणाली. "आजार जिंकलेला नाही. पूर्वेच्या एकोणीस जणांना उतार पडला नाही, त्यांना मी विसरणार नाही. भाकरी खाणाऱ्या गावांतही काही गाठी आहेतच. ताट बदललं तर आजाराची भीती कमी होते, एवढंच मला कळलंय. याहून जास्त मी सांगितलं, तर ते खोटं होईल."

तिनं पिशवीतली सगळ्यांत वरची दोरी काढून हातात धरली.

"आणि वैद्यराज एकटे चुकले नाहीत. वीस वर्षं मी तूप हेच कारण सांगत आले. गवळ्यांच्या दोरीनं ते खोटं ठरवलं. माझ्या नवऱ्याला मी तूप तोडलं आणि भात, साखर भरवली. माझ्या सांगण्यावरून किती घरांत असं झालं असेल, कोण जाणे. त्या प्रत्येक घरी जाऊन मी आता खरं सांगणार आहे."

राजा सिंहासनावरून उठला, पायऱ्या उतरून खाली आला आणि मंजुळाक्कापुढे हात जोडून उभा राहिला.

"या गडानं तीन वेढे परतवले," तो म्हणाला, "पण आज मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधी वाटला नव्हता."

राजाचा हुकूम मागे घेतला गेला आणि भोयांची घरं तळ्याकाठी राहिली. मानाच्या शिध्यात भाकरी आली, लाडू सणापुरते उरले आणि राजानं आपल्या ताटातही तेच वाढायला सांगितलं. वैद्यराज आणि मंजुळाक्का पुढे कितीतरी वर्षं एकत्र हिंडले. औषध कितीही नामांकित असो, आधी दोन चौक्यांत पारखायचं आणि मगच लोकांना द्यायचं, अशी त्या राज्याची रीतच पडून गेली. परमुलखातले वैद्य ती रीत शिकायला यायचे, तेव्हा गडावरचं कुणीही छाती पुढे काढून त्यांना सांगे, "ही आमच्या आक्कांची रीत."

बोध: जो आपलं चुकलेलं मत पुराव्यापुढे खाली ठेवतो, त्याच्याच शब्दावर लोक निर्धास्त विसंबतात.