विचारून बसवलेला डिफरन्शियल

मला वाटलं होतं, वस्ताद पहिला प्रश्न विचारतील, “कोणता आणलास?”

त्यांनी विचारलं, “जेवलीस का?”

मला वाटलं होतं, लाल गाडीच्या पोटात मागच्या बाजूला जागा मोकळी असेल. तिथे काय बसवायचं ते आम्ही दोघं मिळून ठरवू, वाद घालू, चहावर चहा होतील. मी वाकून पाहिलं. जागा भरलेली होती.

“हे काय आहे, वस्ताद?”

“डिफरन्शियल.”

“ते दिसतंय मला. कोणता?”

“सुटा.”

मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली. तिच्याशेजारी माझी लाकडी पेटी होती. आतल्या वस्तूसाठी मी विमानतळावर तीन अधिकाऱ्यांशी भांडले होते. वस्तादांनी पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

कोल्हापुरात, उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारांना सगळे वस्तादच म्हणतात. ऐन उमेदीत त्यांनी घाटातल्या शर्यती गाजवल्या, आणि ते कुणी विसरू नये याची काळजी ते स्वतःच घेतात. गॅरेजच्या भिंतीवर फोटो आहेत, आणि प्रत्येक फोटोत ते मधोमध आहेत. केस अजून काळे करतात. मी शाळेत असताना त्यांनी मला स्टिअरिंग धरायला शिकवलं. त्यांच्यामुळे मी इंग्लंडला जाऊन शर्यतीच्या गाड्यांचं शिक्षण घेतलं, आणि त्यांच्या एका फोनमुळे तिथली नोकरी सोडून परत आले.

फोनवर ते म्हणाले होते, “माझी लाल गाडी तुझी. डिसेंबरात घाट तू चढायचास.”

एकाहत्तर सालची, दोन दारांची, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी गाडी. तिच्यात बसून वस्ताद कधी हरले नव्हते. मला रडू आलं होतं. रडता रडताच मी विचारलं होतं, “मागे कोणता डिफरन्शियल बसवू, वस्ताद?”

“ये तर खरी,” एवढंच ते म्हणाले होते.

हा प्रश्न साधा नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त धावावं लागतं. ती मोकळीक डिफरन्शियल देतो. सुटा बसवला की वळणात हलकं झालेलं आतलं चाक जागीच गरगरतं, आणि इंजिनाची ताकद तिथे वाया जाते. पण बाहेरचं चाक रस्ता धरून राहतं. बांधीव बसवला की दोन्ही चाकं एकमेकांना सोडत नाहीत. गाडी वळणातून सणसणत सुटते. मात्र घसरलीच, तर दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि गाडीचं शेपूट दरीकडे फिरतं.

सुटा सांभाळण्यासाठी. बांधीव जिंकण्यासाठी.

माझ्या पेटीत बांधीव होता. त्याच्या एकेका चकतीचं गणित मी स्वतः मांडलं होतं.

“गेल्या वर्षी सुहास आवळे घाट चढला. त्याच्या गाडीला कोणता बसवलात, वस्ताद?”

“बांधीव.”

“त्याच्या आधी तो निपाणीचा मुलगा होता. त्याला?”

“बांधीव.”

“आणि मला सुटा.”

“तुला सुटा.”

दारात झेंडूची माळ ओवत बसलेले अण्णाप्पा हसले. ते वस्तादांचे सगळ्यात जुने मेस्त्री. “ताई, आज खंडेनवमी हाय,” ते म्हणाले. “भांडणाला बी आज सुट्टी असतीया.”

खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती असते. गॅरेजमधले सगळे पाने, हातोडे, पक्कडी धुऊनपुसून पाटावर मांडलेल्या होत्या. मधोमध गाडी उचलायचा मोठा जॅक. त्याला झेंडूची माळ, कुंकवाची बोटं, आणि त्याच्या चपट्या डोक्यावर तेवणारा दिवा. पूजा अण्णाप्पा करतात. वस्ताद आरतीला हात लावत नाहीत, पण त्या दिवशी पान्यालाही लावत नाहीत. त्यांचे वाडवडील तलवारींना धार लावायचे. त्यांच्या घरातही या दिवशी सहाण कोरडी राहायची.

“ठीक आहे,” मी म्हणाले. “उद्या काढू हा.”

“का?”

“मी बांधीव आणलाय.”

“मग फोनवर इचारलंस कशाला?”

“सल्ला म्हणून विचारलं.”

“दिला की. बसवून दिला.”

अण्णाप्पा पुन्हा हसले. मला हसू आलं नाही.

इंग्लंडमध्ये मी शिकले तिथे आमच्या वर्गात मुली अगदी थोड्या होत्या. तिथेही गाडी चाचणीला निघाली की कुणीतरी म्हणायचं, आज तू वेळ नोंदव, चालवायला तो जाईल. मी कारण विचारलं की सगळे फार सभ्यपणे सांगायचे, तसं काही नाही, गैरसमज करून घेऊ नकोस. त्या ‘तसं काही नाही’ची उत्तरं मी वर्षानुवर्षं मनात घोटून ठेवली होती. ती इथे, या माणसासमोर काढावी लागतील असं मात्र वाटलं नव्हतं.

“मी मुलगी आहे म्हणून का, वस्ताद?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“व्हय.”

...

“काय?”

“व्हय म्हणालो. पोरगी म्हणून. भ्यालो.”

ते नाही म्हणाले असते, तर माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं.

“हे चूक आहे,” मी म्हणाले.

“चूकच हाय.”

“अन्याय आहे हा!”

“हाय की.”

“मग बदला!”

“आज?” त्यांनी पाटाकडे हात केला. “आज मी हत्याराला हात लावत न्हाई.”

एवढं शांत बोलणं मला सहन झालं नाही. चूक कबूल करायची, आणि ती तिथेच राहू द्यायची, वर तिला झेंडू वाहायचा! मी पाटाजवळ गेले. पाने ओळीने झोपले होते. त्यातला एक उचलला. त्याचं कुंकू माझ्या तळव्याला लागलं.

अण्णाप्पांच्या हातातली माळ गळून पडली. “ताई... ताई, न्हाई...”

लाल गाडी लोखंडी घोड्यांच्या टेकूवर उभी होती. मी पाठीवर झोपून तिच्याखाली सरकले. चाकांकडे जाणारे शाफ्ट अजून जोडलेले नव्हते. डिफरन्शियलचा डबा नुसता चार बोल्टांवर टांगलेला होता. मी पहिला सोडवला. दुसरा सोडवला. बोल्ट ताजे होते, तेल लावून मनापासून आवळलेले. त्यामुळे मला आणखी राग आला. माणूस अन्यायसुद्धा किती निगुतीनं करतो! तिसरा निघाला तेव्हा मी मोठमोठ्यानं बोलत होते, काय बोलत होते ते आठवत नाही. चौथा निघाला.

आणि डबा खाली आला.

भरल्या सिलिंडरएवढं वजन. मी दोन्ही हातांनी झेललं, पण कोपरं मागे जाऊन जमिनीला टेकली. लोखंड माझ्या छातीपासून वीतभर वर थरथरत थांबलं. आता एक हात काढता येत नव्हता. बाजूला सरकता येत नव्हतं. वर्गातल्या कुणी असं केलं असतं, तर मीच त्याला कार्यशाळेतून बाहेर काढलं असतं.

कुणीतरी शेजारी सरकत आलं. पांढरा सदरा. अत्तराचा वास. वस्तादांचे दोन हात डब्याखाली आले आणि माझ्या कोपरांवरचा भार निम्मा झाला.

आम्ही दोघं एकमेकांशेजारी पाठीवर पडून होतो. आमच्या मध्ये ते लोखंड.

“आता?” वस्ताद म्हणाले.

“आता... बाहेर काढायचा.”

“काढ.”

“तुम्ही तिकडून रेटा.”

“रेटला तर तुझ्या अंगावर येतोय.”

“मग मी रेटते.”

“मग माझ्या.”

...

बाहेरून अण्णाप्पांचे पाय दिसत होते. ते एका जागी थांबत नव्हते. “मालक! सणाच्या दिवशी दोघं मरताय काय? जॅक आणू का?”

“थांब,” वस्ताद म्हणाले.

“थांब काय?” मी ओरडले. “आणा!”

“थांब रं अण्णाप्पा. हिचं बोलून झालं न्हाई अजून.” मग मान माझ्याकडे वळवून म्हणाले, “जॅक का न्हाई घेतलास?”

“तो... पूजेत होता.”

“पाना कुठं होता?”

मी मान दुसरीकडे वळवली.

“बोल की. हात भरून याय लागलेत माझे. म्हातारा हाय मी.”

“जॅकवर दिवा होता. माळ होती. मला... ती काढवेना.”

“पाना घेतलास. जॅक ठेवलास.”

“हो.”

“खंडेनवमी अर्धीच मोडलीस.”

...

घाम माझ्या कानात उतरत होता. पण माझा राग अजून तसाच होता. मी तो सोडणार नव्हते.

“तुमची भीती तुम्ही माझ्या गाडीत का बसवलीत?” मी विचारलं. “सुहासच्या गाडीत का नाही? त्याच्यासाठी भीती वाटली नाही? दरी काय मुलगा-मुलगी बघते?”

“सुहासनं इचारलं न्हाई.”

“म्हणजे?”

“त्यानं डबा आणला, हितं आपटला, म्हणाला बसवा. मी बसवला. त्या निपाणीच्यानं तर माझ्या पाठीमागं बसवला, आन मग दावाय आणला.” ते क्षणभर थांबले, दम घेतला. “तू इचारलंस. मला इचारलं तर मी काय देनार? माझ्याजवळ हाय तेच.”

“तुमच्याजवळ काय आहे?”

“तुझ्यापायी?... भ्या.”

“पण ते चूक आहे ना, वस्ताद!” मला आता रडू फुटलं होतं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. “तुम्हीच म्हणालात, चूक आहे.”

“व्हय. चूक माझी हाय.”

ते हसले. काळ्या केसांच्या मुळाशी पांढरं दिसत होतं.

“गाडी तुझी हाय,” ते म्हणाले. आणि मग बाहेर हाक मारली, “आण रं अण्णाप्पा.”

अण्णाप्पांनी दिवा उचलून पाटावर ठेवला, दोन्ही हात जोडले, आणि जॅक ढकलत आणला. माळ त्याच्या गळ्यात तशीच होती. जॅकचं डोकं वर आलं, डब्याला टेकलं, आणि आमचे चारही हात एकदम रिकामे झाले.

वस्ताद बाहेर आले तेव्हा सदऱ्याच्या पाठीवर तेलाचा मोठा काळा डाग होता. त्यांनी तो मान वळवून पाहायचा प्रयत्न केला. दिसला नाही. “लई घाण झालाय का?” त्यांनी अण्णाप्पांना विचारलं.

“फोटू काढावा असा झालाय,” अण्णाप्पा म्हणाले.

मी पाना पुसून परत पाटावर ठेवला, आणि निरोप न घेता निघाले.

मला शांत वाटत नव्हतं. शांत वाटावं असं काही घडलं नव्हतं. चूक कबूल केली म्हणून ती संपत नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या वाट्याला आपली भीती द्यायची आणि ज्याच्याशी देणंघेणं नाही त्याला वेग द्यायचा, हा कुठला न्याय? घरी आईने श्रीखंड वाढलं. मी वस्तादांना इतकं बोलले की शेवटी ती म्हणाली, “अगं, मग जाऊन त्यांनाच विचार ना, उद्या काय करायचं ते!”

मी चमचा खाली ठेवला. विचारलं, म्हणूनच तर सुटा मिळाला होता.

सकाळी, दसऱ्याच्या दिवशी, दाराला तोरण लागायच्या आधी मी उठले. आरशासमोर केस बांधताना ठरवलं: आज मी माझ्या गाडीत माझा डिफरन्शियल बसवणार. बरोबर की चूक, ते घाटात मला कळेल. पण कुणालाही विचारणार नाही. वस्तादांना तर नाहीच.

अण्णाप्पांनी गॅरेज उघडलं. मी पेटी फोडली. जॅक लावला. अण्णाप्पा दुसऱ्या बाजूने आले, आणि आम्ही फारसं न बोलता काम केलं. चारही बोल्ट मी स्वतः आवळले. मग शाफ्ट जोडले, तेल भरलं आणि गाडी घोड्यांवरून खाली उतरवली.

ऊन उंबऱ्यात आलं तेव्हा वस्ताद आले. स्वच्छ सदरा, हातात आपट्याची पानं. ती त्यांनी अण्णाप्पांना दिली, मला दिली. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि गाडीखाली पाहत राहिले.

बराच वेळ.

“बांधीव,” ते म्हणाले.

“हो.”

“मला इचारलं न्हाईस.”

“नाही,” मी म्हणाले. “आणि विचारणारही नाही.”

ते सरळ झाले. गाडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले. चालकाशेजारच्या सीटचं दार त्यांनी उघडलं, आत बसले, आणि पट्टा ओढून घट्ट केला.

“मग बस,” ते म्हणाले. “आता सांगतो, घाट कसा चढायचा त्ये.”