पातळ सरस

फार पूर्वी विलायतेत, धुक्यात अर्ध्या बुडालेल्या एका गावात, जुनी व्हायोलिनं दुरुस्त करणारा एक कारागीर राहायचा. हात मोठा कसबी, पण स्वारी स्वतःवर जरा जास्तच खूश. "मी लावलेला जोड पुन्हा सुटायचा नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

गावातल्या एका म्हातारीकडे दोनशे वर्षांपूर्वी तिथंच घडलेलं व्हायोलिन होतं. कुणाकडे बाळ जन्मलं की पहिल्याच दिवशी ती उशाशी बसून ते वाजवायची. तो सूर ऐकून बाळं झोपेत हसायची म्हणे. कारागिराची बायको त्या हिवाळ्यात बाळंत व्हायची होती, आणि त्याला आत्तापासूनच तो सूर ऐकू येत होता.

पानगळीत म्हातारी आली. "दर थंडीत याची वरची फळी कडेनं सुटते रे. दे चिकटवून."

कारागिरानं पातळ सुरी फिरवून फळी अलगद उघडली. आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'उघडणाऱ्या भावा, नमस्कार. थंडीत लाकूड आखडतं. त्याला सुटायला वाव हवा, म्हणून सरस मुद्दाम पातळ लावलाय. तूही पातळच लाव.'

घडवणारा समोर येऊन बसल्यासारखं त्याला वाटलं. हात थांबला. पण जोड सुटला तर लोक मलाच हसतील, असं मनात आलं आणि त्यानं सरस चांगला दाट शिजवून लावला.

हिवाळा आला. जोड जागचा हलला नाही. लाकूड आखडलं, वाव मिळेना, आणि एका सकाळी म्हातारीच्या घरी फळीला मधोमध तडा गेला. त्याच सकाळी कारागिराला मुलगी झाली.

म्हातारी रिकाम्या हातांनी आली. बाळाच्या गालावरून तिनं बोट फिरवलं. "जोड मात्र पक्का होता हो तुझा," एवढंच म्हणाली. कारागिराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्हायोलिन पुन्हा त्याच्याकडे आलं, आणि दाट सरसामुळे फळी उघडताना काठाच्या ढलप्या निघाल्या. त्या बसवून तडा सांधेपर्यंत उन्हाळा उजाडला. फळी परत बसवण्याआधी त्यानं जुन्या अक्षरांखाली लिहिलं: 'मी दाट लावला होता. तू लावू नकोस.'

म्हातारीनं वाजवलं. सूर थोडा घोगरा झाला होता. मुलगी एव्हाना बसायला लागली होती. ती टक लावून ऐकत राहिली.

पुढच्या थंडीत म्हातारी पुन्हा दारात उभी.

"सुटली रे फळी."

"बरं झालं, आजी," कारागीर म्हणाला, आणि त्यानं पातळ सुरी हाती घेतली.

तात्पर्य: आपल्यामागून कुणाला तरी हे काम उघडावं लागणार आहे, एवढं ध्यानात ठेवून ते करावं; नाहीतर आपला जोड टिकतो आणि वस्तू मोडते.