पहिल्या मानाची पेटी

वस्तूंना बोलता यायचं, त्या काळची गोष्ट. बैलगाडीतून गावोगावच्या बाजारांत बांगड्या विकणाऱ्या तुळसा कासारणीने वाटेतल्या स्वयंपाकासाठी सागवानी पेटी करवून घेतली. तिच्यात पीठ, मीठ, तवा, सगळ्यांना वेगळे कप्पे होते.

पेटी जुन्या पत्र्याच्या डब्याला म्हणाली, "तुझ्यात पीठ आणि तिखट एकत्र लोळतात. तू आता घरीच बस."

"बरं बाई," डबा म्हणाला. तुळसाने मात्र सवयीने त्याला गाडीच्या मागे टांगलं.

"मान माझा आहे, आधी मला चढवा," पेटी अडून बसली. तुळसाने तिला सगळ्यात आधी चढवलं. मग तिच्यावर काचेच्या बांगड्यांचे करंडे रचले आणि त्यांवर बैलासाठी कडबा.

मुक्कामाला पोचेपर्यंत तुळसाच्या पोटात कावळे ओरडायला लागले. "सगळं माझ्यात आहे," पेटी तळातून म्हणाली.

"एवढं कोण उपसणार?" म्हणत तुळसाने डबा सोडला आणि त्याच्या झाकणावरच भाकरी भाजली. भाकरी जरा तिखट लागली, पण तिने दुसरीही खाल्ली.

पेटी हाका मारतच होती. शेवटी बैल कडबा चघळत म्हणाला, "धीर धर गं. कडबा मी संपवतो, बांगड्या बाजारात संपतील. मग पहिला मान तुझाच."