टायरचं जावळ

वाघजाईच्या डोंगरावरून सायकली उतरवायची शर्यत सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता. तेवढ्यात परीक्षक प्रतापराव जाचक यांनी नवा नियम काढला. त्यांनी वाखाणलेले नवे टायर ज्याच्या सायकलला नसतील, तो शर्यतीतून बाद.

स्पर्धक आपसात कुजबुजले. कुणाला ते टायर जड वाटत होते, कुणाला ते ओल्या दगडावर घसरतील अशी शंका होती. पण प्रतापरावांपुढे बोलणार कोण? वर्षभर सराव केलेली मृण्मयी आपले जुने टायर चाचपून बघू लागली.

"मी स्वतः याच सायकलवर, याच टायरांनी हा डोंगर पन्नास वेळा उतरलोय," प्रतापराव शेजारी उभ्या केलेल्या आपल्या सायकलीवर थाप मारत म्हणाले.

मृण्मयीच्या सासूबाई, इंदुमतीकाकू, शेजारीच होत्या. सून सुखरूप उतरली की देवीची ओटी भरायची, असा नवस त्या बोलल्या होत्या. त्यांनी प्रतापरावांच्या सायकलीच्या चाकावरून हळूच हात फिरवला.

"पन्नास वेळा म्हणजे देवीची कृपाच, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "नव्या टायरवरचे हे रबराचे बारीक केस आमच्या सुनेच्या सायकलीचे तर पहिल्याच उतारावर झडले. तुमच्या टायरांचं अजून जावळसुद्धा काढलेलं दिसत नाही."

सगळे हसत सुटले. आयोजक मात्र गंभीरपणे म्हणाले, "साहेब, आत्ता एकदा आमच्यासमोर उतरून दाखवा. लगेच सगळे टायर बदलतील."

प्रतापरावांनी उताराकडे बराच वेळ पाहिलं.

"आजच्या दिवस," ते म्हणाले, "जुने चालतील."