येरझारीचा सडा

बसू नका हो तिथं, पाहुणे! उभे राहा, हवं तर फेऱ्या मारा, पण त्या वाटेवर बूड टेकू नका. बघा की, सगळ्या सड्यावर, या डोंगराच्या सपाट माथ्यावर, गुडघाभर गवत आलंय आणि मधली एवढी पट्टीच बोडकी. त्या करवंदीच्या जाळीपासून निघते आणि कड्याच्या टोकाशी संपते. पुढे नुसता दर्या. ना गावाला जाणारी वाट, ना देवळाला. कुणी म्हणतं खाली कातळ आहे. अहो, कातळ तर सगळ्या सड्याखाली आहे!

वर येताना तुमच्या गाडीला म्हशी आडव्या आल्या, म्हणून तुम्ही मघाशी कुरकुरत होता. आज नारळी पुनव. आज आमच्या खारवलीत काही बांधलेलं नसतं. गुरं मोकळी, बकऱ्या मोकळ्या, कुत्र्याच्या गळ्यात दोरी नाही. माझ्या सुनेनं केसांना गाठसुद्धा मारलेली नाही. हे सगळं त्या वाटेपायी.

फार जुनी गोष्ट. देवगिरीवर यादव होते आणि इकडे किनाऱ्याला शिलाहार, तेव्हाची. अरबांच्या मुलखातून गलबतं भरभरून घोडे यायचे म्हणे आमच्या कोकणात. आणि तिकडे, त्या घोड्यांच्याही पलीकडे, एका पवित्र शहरासाठी युद्ध पेटलेलं. पश्चिमेकडून शिलेदार आलेले, अंगात लोखंडी कड्यांचं चिलखत, अंगरख्यावर क्रूस. दोन्हीकडचे देवाचंच नाव घेऊन एकमेकांना कापत होते. असल्या लढाईत देव कुणाकडे बघत असेल, देव जाणे!

त्यातला एक शिलेदार पकडला गेला. नाव त्याचं तिबो. आमच्या लोकांनी त्याचा तिबा केला. हातापायांत बेड्या घालून त्याला घोड्यांच्या एका गलबतावर चढवलं. त्या गलबताचा नाखवा मरवान, मोठा करडा माणूस. भर दर्यात वादळ झालं, घोडे बिथरले, लाथा मारून फळ्या फोडायला लागले. तिबाला घोड्याची नस ठाऊक. पण बेडी काढावी तर हा पळणार, न काढावी तर गलबत जाणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! मरवानने मग त्याच्याकडे शब्द मागितला. ‘मी चार माणसांत तुला सुटलास म्हणेपर्यंत माझ्यापासून दूर जाणार नाहीस.’ तिबाने छातीवर क्रूस काढून शब्द दिला आणि मरवानने बेडी काढली.

आता शब्द दिला तेव्हा तिबाच्या जिवाला काय घोर होता तेही ऐका. सरहद्दीवर त्याची एक गढी होती. गढीत बायको आणि नुकती चालायला लागलेली लेक. गढीला वेढा पडलाय, एवढं त्याला दुसऱ्या एका कैद्याकडून कळलं होतं. पुढचं काहीच नाही.

जेठाच्या अखेरीस ते गलबत आमच्या खडकावर फुटलं. तो काय, तिथं पांढरं पाणी उडतंय ना, तोच खडक. दोघंच जिवंत किनाऱ्याला लागले. तिबाने मरवानला केसाला धरून ओढत आणला होता. बुडू दिला असता तर तिथल्या तिथे मोकळा झाला असता. पण नाही. मरवानला वाळूत टाकलं आणि वाहून आलेल्या मेलेल्या घोड्यांच्या आयाळीत हात घालून हा माणूस ढसाढसा रडला, असं सांगतात.

वाडीत जाखूबाय म्हणून एक विधवा कोळीण होती. तिने दोघांना घरात घेतलं. मरवानची कंबर मोडलेली, डोक्याला मार लागून एक हात लुळा पडलेला आणि वाचा बसलेली. नुसता डोळे फिरवायचा. झालं! ज्याने तोंडाने सोडायचं त्याचंच तोंड बंद. आणि आमच्या लोकांना यातलं काही ठाऊक नाही. भाषा कुणाला येतेय? सगळं पुढे कळलं, पण ते पुढे.

तिबा सकाळी मरवानला पेज भरवायचा, त्याचं अंग पुसायचा आणि सड्यावर चढायचा. इथून ओटी दिसते जाखूबायच्या घराची. मरवान नजरेआड होत नाही आणि दर्याही दिसतो. मग फेऱ्या. जाळीपासून टोकापर्यंत, टोकापासून जाळीपर्यंत. आषाढातला पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला छत्रीतून कळायचं नाही. तशा पावसात हा चालायचा. जेवण वर नेलं तर उभ्याने खायचा, अर्धं टाकून पुन्हा चालू लागायचा. बायका म्हणायच्या, याला झपाटलंय. जाखूबाय म्हणायची, ‘झपाटलं नाय गो, याचं कुणीतरी तिकडं अडकलंय.’ तिला बरोबर कळलं होतं. तिचा घरधनी दर्यातून परत आला नव्हता, तेव्हा तीही अशीच फिरली होती.

श्रावण लागला तशी त्याची तगमग वाढली. खाली येऊन होड्यांच्या दोरांना हात लावायचा, गाठी चाचपायचा. आता आम्हा कोळ्यांचा नेम असा, की पावसाळ्यात होड्या वर ओढून मेखांना करकचून बांधायच्या आणि नारळ दिल्याशिवाय एकही दोर सोडायचा नाही. सोडला तर दर्या कोपतो, गावातलं माणूस घेतो. धाया तांडेल तेव्हा वाडीचा कारभारी. तो म्हणाला, ‘हा येडा होडी लोटणार, सवता मरणार नि आपल्यालाबी बुडवणार.’ मग काय केलं माहीत आहे? होडी बांधतात तसंच त्याला बांधलं. देवळासमोरच्या खांबाला, होडीच्याच दोराने. दर्या शांत होईपर्यंत. त्याच्या भल्यासाठीच हो! पण माणूस म्हणजे काय होडी आहे?

तिबा झगडला नाही म्हणे. एवढा दांडगा गडी, चौघांना लोळवला असता. त्याने हात पुढे केले आणि डोळे मिटले. ज्याला नुसत्या शब्दाने बांधलं होतं त्याला आमच्या पूर्वजांनी दोराने बांधलं. लाज वाटते सांगताना, पण सांगायचं असतं.

पुनवेचा दिवस उजाडला. वाजतगाजत नारळ देवळाशी आला. पहिली होडी चेऊलच्या मोठ्या बंदराला निघायची होती, तिथून अरबांच्या मुलखाला गलबतं जायची. तेवढ्यात गर्दी फाटली. मोडक्या कंबरेने, चिखलातून, एका हातावर स्वतःला ओढत मरवान येत होता. ओटीवरून त्याने सगळं पाहिलं होतं. खांबापाशी आला आणि एका हाताने, दातांनी तो गाठ सोडवायला लागला. पाण्याने फुगलेली कोळ्याची गाठ ती! ओठ फाटले, रक्त आलं. धाया तांडेल पुढे झाला तर जाखूबायने त्याचा दंड धरला, ‘थांब. त्याचं तो करंल.’

गाठ सुटली. तिबा तसाच उभा. मरवानने होडीकडे बोट केलं, पुन्हा केलं, तोंड उघडलं, पण आवाज नाही. तिबा त्याच्या ओठांकडे बघत राहिला. शब्द हवा होता त्याला. शब्दावर थांबलेला माणूस खुणेवर कसा जाईल? आणि तिकडे ती लेक. शेवटी त्याने खाली वाकून मरवानचा हात कपाळाला लावला आणि धावत सुटला. नारळ पाण्यात पडला, होडी सुटली, हा पाण्यातून जाऊन तिच्यात चढला आणि त्याने वल्हं धरलं.

होडी खडकापलीकडे गेली आणि मरवानला वाचा फुटली. एकच शब्द, त्याच्या भाषेतला, पुन्हा पुन्हा. छाती फुटेल असा ओरडत होता. जाखूबायला अर्थ कुणी सांगावा लागला नाही. ती पाण्यात कंबरेपर्यंत शिरली आणि ओरडली, ‘सुटलास रे बाबा, सुटलास!’ मग धाया ओरडला, मग सगळी वाडी. पण वारा दर्याकडचा. सगळा आवाज उलटा गावात येत होता. होडीतल्या माणसाने काही मागे वळून पाहिलं नाही.

मरवान इथंच राहिला, आपली बोली शिकला, त्यानेच हे सगळं सांगितलं. तो इथंच मेला, त्याची कबर चिंचेखाली आहे. मरेपर्यंत त्याला एकच खंत होती. गढी राहिली की पडली, लेक भेटली की नाही, ते नशिबाचं. पण तिबा आपण शब्द मोडला असं समजून जगला असेल तर?

आजही नारळ पाण्यात पडला की आधी कुणी हात जोडत नाही. सगळी खारवली पश्चिमेला तोंड करून ओरडते, सुटलास रे बाबा, सुटलास. वारा आजही समोरचाच असतो. चला, उतरा खाली, ढोल वाजायला लागले. आणि नुसते फोटो काढू नका, पाहुणे. तुम्हीही ओरडा. त्याला अजून ऐकू गेलेलं नाही.